नीलम्माचं विसण

नीलम्मानं पाणी तापवायच्या सोलरचा विषय पहिल्यांदा काढला तेव्हा घरात कुणी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. नवरा सोमेश जेवत होता, तो जेवत राहिला. सासरे सिद्रामप्पा, घरातले अप्पा, पेपर वाचत होते, त्यांनी पान उलटलं. मुलगी अक्षरा तेवढी म्हणाली, मम्मी, भारी होईल. पण आपल्या म्हणण्याला या घरात काय वजन आहे हे बारावीपर्यंत तिला पुरतं कळलं होतं, त्यामुळं तीही पुन्हा मोबाईलमध्ये गेली.

तसं त्यांचं काय चुकलं म्हणा. गरम पाणी नाही असं त्या घरात कधी झालंच नव्हतं. लातूरच्या जुन्या गंज बाजारामागं त्यांचं घर. खाली तीन खोल्या, वर गच्ची, मागं परस आणि परसात तांब्याचा बंब. बंब आपोआप पेटत नसतो, कुणीतरी त्यात लाकडं घालतं, धूर खातं, राख काढतं, हे सगळ्यांना माहीत होतं. माहीत असणं वेगळं आणि मनात येणं वेगळं. बंब नीलम्मा पेटवायची, लग्न होऊन आली तेव्हापासून. प्रत्येकाची बादलीही तीच काढून ठेवायची, कडकडीत पाण्यात ज्याचं त्याचं विसण घालून. अप्पांना दोन तांबे गार पाणी घातलं की जमायचं. सोमेशला चार लागायचे, तरी तो चटका बसला म्हणायचा. अक्षराला जवळजवळ कोमटच लागायचं. हे तिला कधी विचारावं लागलं नाही.

आणि बंब नुसता पेटवून भागत नव्हतं. तिच्या सासूचा, गुरम्मा अव्वांचा, एक नेम होता. अप्पा आंघोळ करून इष्टलिंगाची पूजा करत आणि पूजा होईपर्यंत पाण्याचा घोटही घेत नसत. तर अशा आंघोळीचं पाणी पारोशा हातानं तापवायचं नाही. बंबाला हात लावायचा तो आंघोळ करूनच. आमच्या लिंगायतांत सोवळंओवळं नाही, शरण संतांनी ते कधीच मोडून टाकलं, असं अप्पा आल्यागेल्याला अभिमानानं सांगायचे. ते बाहेर सांगत असायचे आणि आत गुरम्मा सुनेला विचारत असायची, आंघोळ झाली का ग, मग लाव बंबाला हात. शरणांनी काय मोडलं आणि सासवांनी काय जोडलं, ते बघायला कुणाला सवड असते?

आता बंब पेटवायच्या आधी आंघोळ करायची, तर ती कसल्या पाण्यानं? गारच की. पहाटे उठायचं, न्हाणीतल्या ड्रममधलं गार पाणी अंगावर घ्यायचं, कुडकुडत परसात जायचं आणि बाकीच्यांसाठी पाणी तापवायचं. गुरम्मा जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी नेम चालूच होता. तो बंद कर म्हणणारं कुणी नव्हतं आणि चालू आहे हे बघणारंही कुणी नव्हतं. घरातले उठायचे तेव्हा नीलम्मा ओल्या केसांनी चहा टाकत असायची. ती लवकर आंघोळ करते एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. चांगली सवय आहे, असं अप्पा एकदा म्हणालेही होते.

उन्हाळ्यात त्याचं काही नाही. पण थंडी सुरू झाली की लातूरची पहाट अंगात शिरते, आणि नीलम्माचा डावा हात मनगटात मोडून जुळलेला होता. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या साली टँकरच्या गर्दीत ती घागरीसकट पडली होती. हाड जुळलं, पण जरा वाकडंच जुळलं. गार पाणी पडलं की तिथून कळ निघायची ती पार खांद्यापर्यंत जायची. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. हाताचं सांगायचं म्हणजे नेमाचं सांगावं लागणार, आणि नेमाचं सांगायचं म्हणजे मेलेल्या सासूची कागाळी केल्यासारखं होणार. म्हणून सोलरसाठी ती दुसरीच कारणं पुढं करायची. धुरानं भिंती काळ्या पडतात. लाकूड मिळत नाही. शेजारच्या मलप्पांकडं बघा, कसं वाफाळतं पाणी येतं.

सोमेश न्हाणीतल्या गिझरकडं बोट दाखवायचा. तो गिझर हौसेनं आणला होता आणि बोअरच्या खाऱ्या पाण्यानं त्याची कॉइल वर्षाच्या आत खाल्ली होती. तेव्हापासून तो भिंतीवर तसाच लटकत होता आणि नव्या यंत्राचं नाव निघालं की साक्षीला उपयोगी पडत होता. शेवटी दिवाळीत सोमेशनं मान हलवली, पण ती बायकोच्या बोलण्याला नाही. मलप्पांनी ओट्यावर बसून आपल्या सोलरचं कौतुक केलं आणि नीलम्मा वर्षभर जे सांगत होती ते त्याला एका चहात पटलं. नीलम्मानं ते मनावर घेतलं नाही. सोलर येतोय ना, मग कुणाच्या तोंडानं का येईना.

बसवायला सुदर्शन म्हणून माणूस आला. नांदेडचा, बोलायला मोकळा, हाताला चलाख. गच्चीवर सिमेंटच्या चौथऱ्यावर गार पाण्याची काळी टाकी होती. तिच्यातून घरात उतरणाऱ्या पाइपाला कॉक होता, आणि कॉकच्या जरा खाली एक जोड हाताशी होता. तिथूनच त्यानं सोलरला पाणी दिलं. चहा पिता पिता त्यानं सोमेशला हातवारे करून समजावलं, की वरून गार पाणी ढकलतंय म्हणून गरम पाणी खाली येतं, त्याला वेगळी मोटर लागत नाही. सोमेशनं ऐकल्यासारखं केलं. कपबश्या उचलायला आलेल्या नीलम्मानं मात्र खरंच ऐकलं. उद्यापासून फक्त तोटी फिरवायची वहिनी, असं सांगून सुदर्शन गेला. त्या संध्याकाळी नीलम्मानं बंब चिंचेनं लख्ख घासला, पाहुण्याला निरोप द्यायच्या आधी घासावा तसा.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं न्हाणीतली नवी तोटी फिरवली. अर्धा तांब्या कोमट पाणी आलं, मग तोटी फुस्स करून गप्प बसली. नीलम्मानं वाट बघितली. तोटीवर चापट मारून बघितली. मग ड्रममधलं गार पाणी अंगावर घेतलं आणि परसात जाऊन घासलेला बंब पुन्हा काळा केला.

अकराच्या सुमाराला सुदर्शन आला. त्यानं तोटी उघडली तर धो-धो पाणी, हात घालता येईना इतकं कढत. मशीन ओके आहे, असं म्हणून तो गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा अर्धा तांब्या आणि फुस्स. तो पुन्हा आला, पुन्हा वाफा. पाइपात हवा धरली असंल म्हणून त्यानं वरची नळी उंच केली. क्षार बसला असंल म्हणून जोड उघडून बघितला. थंडीचं असं होतं, असंही एकदा सांगून बघितलं. दिवसा नीलम्मानं तोटी उघडावी, पाणी यायचं. पहाटे उघडावी, येत नसे. चार-पाच खेपांनंतर सुदर्शन तिच्याकडं आजारी माणसाकडं बघावं तसं बघायला लागला. वहिनी, तोटी उलटी तर फिरवून नाही राहिल्या ना, असं त्यानं अगदी हळू आवाजात विचारलं.

सोमेशनं हळू आवाजाचे लाड केले नाहीत. दुनियेच्या घरात चालतं ते आपल्याच घरात कसं चालत नाही, म्हणजे तुझ्याच हातात काहीतरी आहे, असं तो अक्षरासमोर म्हणाला. अप्पा कुणाला बोलायचे नाहीत. पण पूजेहून उठताना त्यांनीही सांगून टाकलं, की बंबाचं पाणी बरं होतं, बंब कधी दगा देत नाही. ते नीलम्माला सोमेशच्या बोलण्याहून जास्त लागलं. बंब दगा देत नव्हता म्हणजे कोण देत नव्हतं? पण हे विचारणार कसं.

येळवस जवळ आली. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला निम्मं लातूर आपापल्या शेतात, रानात जाऊन जेवतं. घरातले सगळे पहाटे आंघोळी करून देवणीच्या वाटेवरच्या रानात जात. सोमेशनं तीच मुदत घालून दिली. येळवशीपर्यंत चाललं तर ठेवू, नसता अमावस्या झाली की मशीन काढून न्यायला सांगतो, आणि पुन्हा या घरात सोलरचं नाव निघणार नाही. नीलम्माला हे पक्कं माहीत होतं, की सोमेशचं बाकीचं बोलणं विरलं तरी असलं बोलणं विरत नाही. मशीन गेली की पुढचे सगळे हिवाळे तो ड्रम आणि तो बंब.

आदल्या दिवशी तिला मान वर करायला फुरसत नव्हती. भज्जीसाठी तुरीच्या, वाटाण्याच्या, हरभऱ्याच्या शेंगा सोलायच्या, पालेभाज्या निवडायच्या, आंबिलाची तयारी करायची, बाजरीचे उंडे करायचे. पाल्याला माती फार होती. धुता धुता स्वयंपाकघरातले हंडे संपले, न्हाणीतला ड्रमही खाली गेला. दिवे लागले होते. तिनं स्वयंपाकघरातली तोटी फिरवली तर तोटी कोरडी.

एरवी हे तिच्या ध्यानात यायचं कारणच नव्हतं. लातूरच्या बाईचं पाणी दिवस मावळायच्या आत भरून ठेवलेलं असतं. हंडे, ड्रम, संडासातली बादली, सगळं काठोकाठ. दिवेलागणीनंतर तोटीला हात लावायची वेळच येत नाही, आणि पहाटे ड्रम असतोच. पण त्या दिवशी सकाळीच नळ आले होते, वरची टाकी भरून वाहताना तिनं स्वतः बघितली होती. भरलेली टाकी संध्याकाळी कोरडी कशी? कुठं फुटली की काय, असं म्हणत ती गच्चीवर गेली.

वर अप्पा होते. ते रोज दिवेलागणीला गच्चीवर जातात हे घरात सगळ्यांना माहीत होतं. हवा खायला जातात, असंच सगळे समजत होते. अप्पांचा एक हात दुखऱ्या गुडघ्यावर होता आणि दुसऱ्या हातानं ते उपरण्यानं कॉकवरची धूळ पुसत होते.

"अप्पा, कॉक तुम्ही बंद केलाव का?"

"हाव. रोजच करतो की." दाराला कडी लावली, एवढ्याच सुरात ते म्हणाले.

"रोज?"

"टँकरच्या सालापासून. एक दिवस चुकला न्हाई."

"अन् उघडता कधी?"

"पूजा झाल्यावर. पाखरांना दाणे टाकायला येतो, तवा."

त्या साली गल्लीत सगळ्यांचेच कॉक संध्याकाळी बंद व्हायचे. एखादी तोटी टपकून रात्रीत टाकी रिकामी झाली तर पुढचे आठ दिवस काय प्यायचं, ही भीती घराघरात होती. पुढं धरण भरलं, लोक विसरले. आपल्या घरातही ते बंद झालं असं ती समजून चालली होती. आणि सुदर्शन पडला नांदेडचा, गोदावरीच्या काठचा. रात्री टाकीचा कॉक बंद करता का, हे विचारायचं त्याच्या डोक्यात येणार कुठून. तिला चहाच्या वेळचं त्याचं बोलणं आठवलं. वरून गार पाणी ढकलतंय म्हणून गरम खाली येतं. कॉक बंद, तर ढकलणार कोण? अप्पांची आंघोळ गरम पाण्यासाठी अडलेली, पूजा आंघोळीसाठी अडलेली, आणि कॉक पूजेसाठी. मधल्या मध्ये बंब पेटत होता.

तिला राग आला, चांगला सणसणीत आला. इतके दिवस तिनं बोलणी खाल्ली होती, फिटरची कीव सोसली होती. खाली सोमेशला ऐकू जाईल एवढ्या आवाजात तिनं सांगितलं, की अप्पा, ह्या कॉकमुळं गरम पाणी येत न्हाई. अप्पांना ते पटेना. गरम पाण्याची टाकी वेगळी आहे, तिचा या कॉकशी काय संबंध, असं त्यांचं म्हणणं, आणि कुणालाही ते बरोबरच वाटलं असतं. नीलम्मानं जिन्यातून अक्षराला हाक मारली आणि बादली लावून न्हाणीतली गरम पाण्याची तोटी उघडायला सांगितलं. मग कॉक उघडला. आलं, असं अक्षरा खालून ओरडली. नीलम्मानं कॉक बंद केला. गेलं, असं अक्षरा ओरडली. पुन्हा उघडला, पुन्हा आलं. चौथ्या वेळी अप्पांनीच थांब म्हणून हात वर केला आणि ते चौथऱ्याच्या कडेला टेकून बसले.

मग कॉककडं बघतच त्यांनी सांगितलं.

"तू टँकरपशी पडलीस तवा मी ओट्यावर हुतो. पडल्या-पडल्या तू आधी घागर सावरलीस. हात नंतर बघितलास. तवाच म्हटलं, ह्या घरात थेंब वाया जाऊ द्यायचा न्हाई. गेला तर ही पोर परत रांगंत उभी राहणार. कॉक बंद केल्याबिगर मला झोप येत न्हाई, नीलम्मा."

ती पडली तेव्हा घरातल्या कुणी बघितलंच नाही, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. हाड जुळल्यावर घरात त्या हाताचा विषय कधी निघाला नव्हता. आणि हा माणूस तो हात मनात धरून, दुखऱ्या गुडघ्यानं रोज जिना चढत होता. तिला रडू आलं. राग गेला नव्हता, तोही तसाच होता. दोन्ही घेऊन उभं राहणं तिला जड झालं, आणि जे कधी सांगायचं नव्हतं ते तोंडून निघून गेलं.

"त्याच हाताला गार पाणी सोसत न्हाई मला, अप्पा."

गार पाणी कशाला, बंब आहे की, असं अप्पा म्हणाले.

"बंबाला हात लावायच्या आधी आंघोळ करावी लागती. अव्वांचा नेम हाय तो."

"रोज?"

"रोज."

अप्पांनी उपरण्याची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. बादली भरली, तोटी बंद केली, असं अक्षरा खालून ओरडली.

"गुरम्मा बी तसंच करायची का?" त्यांनी विचारलं.

"त्यांना त्यांच्या सासूनं लावला हुता म्हणे."

उभा जन्म गुरम्मानं तापवून दिलेल्या पाण्यानं त्यांनी आंघोळ केली होती, पूजा केली होती आणि सोवळंओवळं मोडल्याचं लोकांना सांगितलं होतं. ते उठले. सवयीनं त्यांचा हात कॉकवर गेला आणि तसाच थांबला. तोटी टपकली तर मी बघते, तुम्ही झोपा, असं नीलम्मा म्हणाली. त्यांनी हात काढून घेतला. जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवून, मागं न वळता, ते एवढंच बोलले.

"उद्या आधी तू कर. मी थांबतो."

त्या घरात अप्पांच्या आधी गरम पाणी कुणी घेतलं नव्हतं. पण नीलम्मानं नको म्हटलं नाही.

येळवशीच्या पहाटे ती नेहमीसारखीच उठली. अप्पा बाजेवर कांबळं पांघरून बसले होते. डोळे तांबारलेले होते, झोप लागली नव्हती हे उघड दिसत होतं, पण गच्चीवर काही गेले नव्हते. त्यांनी न्हाणीकडं नुसती मान हलवली.

नीलम्मानं तोटी फिरवली. आधी पाइपातलं गार पाणी आलं, ते तिनं सवयीनं दुसऱ्या बादलीत धरलं, वाया जाऊ दिलं नाही. मग कोमट आलं. मग वाफा यायला लागल्या आणि न्हाणीचा आरसा धुकटला. बादली भरली. तिनं तोटी बंद केली, ड्रममध्ये तांब्या बुडवला आणि विसण घालायला तो बादलीवर धरला.

आणि तिचा हात तसाच राहिला. अप्पांना दोन तांबे. सोमेशला चार. अक्षराला कोमट. आपल्याला किती लागतं, हे तिला माहीतच नव्हतं.

बाहेरून अप्पांनी विचारलं, पाणी येतंय का. हाव, येतंय, असं ती म्हणाली. मग तिनं एक तांब्या घातला, डावा हात मनगटापर्यंत पाण्यात घालून बघितला, आणि दुसरा घालावा की नाही याचा विचार करत तो हात कितीतरी वेळ तसाच पाण्यात ठेवला.